कोळीवाड्याच्या पुरचुंड्या

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी होतील, त्याची आधीच माफी मागते. चौथी शिकलेली बाई मी, वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहायची वेळच कधी आली नाही. ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे, ते गुरुजींनी छडी मारूनही मला कळलं नव्हतं. तुम्ही दरवर्षी मुंबईहून विधानसभेची डायरी आणायचात आणि ती कपाटात कोरीच पडून राहायची. तीच घेऊन बसले आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. तुम्ही समोर असतात तर एवढं बोलले नसते. आता तुम्ही मधेच उठून जाणार नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही गेल्याला परवा तीन महिने झाले. पेपरात आलं ते आपल्या वसंताने मोठ्याने वाचून दाखवलं होतं. रेवदंड्याचे व्यापारी, मग आमदार, मग नळाचं पाणी, मग शाळेची इमारत. सगळं खरं. पण ऐकताना कुणा दुसऱ्याच्या घरचं वाटत राहिलं. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही येता ते मिठाच्या वखारीत, गोण्यांच्या मधे उभे, धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरून. पहिल्या भाषणाच्या आधी आठ दिवस रोज दुपारी मला वखारीत बोलावत होतात. म्हणालात, "तू समोर बस. तुझ्यापुढे बोलता आलं तर गावापुढे येईल." मी गोणीवर बसायची. तुमची जीभ टाळूला चिकटायची, "बंधूंनो आणि भगिनींनो"च्या पुढे गाडी जाईना. मी हसले, तुम्ही चिडलात, मग तुम्हालाही हसू आलं. पुढे लोक म्हणायचे, अण्णाशेटांचा आवाज काय खणखणीत आहे. तो आवाज फुटला तेव्हा ऐकायला मी एकटी होते.

आणि निवडून आलात त्या दिवशी लोकांनी मला व्यासपीठावर चढवायचं ठरवलं होतं. हार तयार होता. मला घाम फुटलेला, पाय उचलेनात. तुम्ही लांबून एकदाच बघितलंत आणि सगळ्यांना सांगितलंत, यांना सकाळपासून ताप आहे, घरी पाठवा. ताप नव्हता. माझ्यासाठी तुम्ही सगळ्या गावाशी खोटं बोललात आणि वर ते मला कधी ऐकवलं नाहीत. ते मी विसरलेली नाही. पुढे जे लिहिणार आहे ते लिहितानाही विसरलेली नाही.

तुमच्यावर लोकांचा विश्वास बसला तो भाषणांनी नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास सगळं रेशनवर होतं. साखर, घासलेट, तांदूळ. पेठेतल्या कितीजणांनी मागच्या दाराने माल विकून घरांवर माड्या चढवल्या. आपल्या घरावर कौलंच राहिली. कोळीवाड्यातली चांगुणाबाय तेव्हा पन्नाशीची असेल, तिच्या तोंडाला सगळी पेठ भ्यायची. आपल्या दुकानात येऊन ती तराजूकडे बघायची आणि म्हणायची, "शेट, तुजी तागडी आज निजलीय काय?" तुम्ही मूठभर तांदूळ वर टाकायचात. "घे, उठली बघ." मी आतल्या दाराआडून ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

पुरचुंड्यांची चाल मामंजींच्या वेळची. कोळीवाड्याला आग लागली, झोपड्यांबरोबर मडक्यांत ठेवलेला पैसाही गेला, तेव्हापासून कोळणी आपला पैसा आपल्या तिजोरीत ठेवू लागल्या. आपलं दुकान दगडी, तिजोरी लोखंडी. जुन्या लुगड्याचं फडकं, त्यात पैसे, वर गाठ. गाठ जाळं विणतात तशी, आणि प्रत्येकीची वेगळी. दुकानदाराने ती उघडायची नाही, आत किती ते विचारायचं नाही, वहीत लिहायचं नाही. बाईने आपल्या हाताने ठेवायची, आपल्या हाताने उचलायची. बायका दुपारच्या यायच्या, पुरुष झोपलेले असताना, म्हणून मामंजींनी तिजोरीची चावी माझ्या कमरेला दिली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मला म्हणाले, "सूनबाई, दार उघडायचं आणि पाठ करून उभं राहायचं." वीस-बावीस वर्षं मी तेवढंच केलं. दार उघडलं आणि पाठ केली. मला बोलावं लागत नसे, म्हणून ते काम मला आवडायचं.

मग महाराष्ट्र झाल्यानंतरची पहिली निवडणूक आली. पक्षाने तिकीट दिलं, पैसा दिला नाही. अलिबागच्या ज्या व्यापाऱ्याने शब्द दिला होता तो ऐनवेळी दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. जीप घेऊन झाली होती. पेट्रोल, जेवणावळी, कागद, रंग. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्यात आणि मला म्हणालात, तिजोरी उघड.

मी उघडली आणि सवयीने पाठ केली. तुम्ही म्हणालात, "इकडे बघ. या गाठी मला सुटत नाहीत. तुझी बोटं बारीक आहेत."

मी नको म्हटलं नाही. हे मला लिहायलाच हवं. पेपरात येणार नाही, पण या डायरीत तरी असू दे. एवढंच विचारलं की लिहून ठेवायचं का कुणाचे किती. तुम्ही म्हणालात, लिहिलं की पुरावा झाला, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, होते तेवढे परत भरू. अडतीस पुरचुंड्या होत्या. मिठाच्या हाताने बांधलेल्या गाठी, वाळून दगड झालेल्या. मी सोडत गेले, तुम्ही एका ढिगात ओतत गेलात. शेवटी मोजलेत आणि तोंडातल्या तोंडात आकडा बोललात. चार हजार सहाशे वीस. तेवढा आकडा माझ्या डोक्यात राहिला. फडक्यांच्या घड्या घालून मी रिकाम्या तिजोरीत ठेवल्या. तुम्ही निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवलात. त्या हाताचं काय करायचं ते मला आजही कळत नाही.

तुम्ही निवडून आलात. कोळीवाड्याने तुम्हाला भरभरून मतं दिली, हे तुम्हीच मला सांगितलंत. तुम्ही मुंबईला गेलात आणि इकडे शिमगा आला. कोळ्यांचा तो सगळ्यांत मोठा सण. नवी लुगडी, नथी, होळीचा खर्च, सगळं त्या पुरचुंड्यांतून. दहा-बारा जणी दुपारी दुकानात आल्या, चांगुणाबाय पुढे. त्यांनी नेहमीसारखं काही विचारलं नाही, तिजोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराला धरून म्हटलं, "चावी यांच्याकडे राहिली. ते मुंबईला आहेत."

चावी माझ्या कमरेला होती. चांगुणाबायने ती बघितली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या लग्नापासून तिने मला इतकं निरखून कधी बघितलं नसेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती मागे वळली आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला गो. चावी मुंबयला गेली."

त्या शिमग्याला कोळीवाड्यात ढोल वाजला, पण थोडाच वेळ.

तुम्ही परत आलात तेव्हा मी सांगितलं, बायका येऊन गेल्या. तुम्ही विचारलं नाहीत की मी काय सांगितलं. मीही बोलले नाही. आपल्या संसारात न बोलणं हे माझं काम होतं, ते तेव्हापासून तुम्हीही शिकलात. कोळीवाड्यातून येणारा रस्ता तुम्ही सोडलात. जीप वाडीच्या मागून, पोफळींमधल्या कच्च्या वाटेने घरी यायला लागली. तुमच्या कपड्यांना लाल धूळ असायची, ती मी धूत होते. बायकाही पुन्हा मागायला आल्या नाहीत. कशा येतील? पावसाळ्यात तांदूळ उधार आपल्याकडूनच घ्यायचा. आणि विश्वासाने ठेवलेलं तोंडाने मागायचं म्हणजे त्यांच्यात कमीपणा. त्यांनी ठेवणं तेवढं बंद केलं.

एकदाच आपलं भांडण झालं. चांगुणाबायची होडी त्या पावसाळ्यात वर ओढलेली होती. तळाची फळी बदलायची होती, तिचा पैसा त्यासाठीच होता. नारळी पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या, तिची वाळूतच राहिली. तिच्या पोराने, हऱ्याने, दिवाळीआधी ती मिळेल त्या भावाला विकली आणि मुंबईला गोदीत ओझी उचलायला गेला. नाखवा होता, हमाल झाला. हे मला घाटावर धुणं धुताना एका बाईने सांगितलं आणि मी तुम्हाला जेवताना सांगितलं. म्हटलं, निदान तिचे तरी द्या. तुम्ही ताट सरकवलंत. म्हणालात, "धक्का मंजूर होतोय. तो झाला की त्यांच्या मासळीला दुप्पट भाव येईल. तुला चार पैसे दिसतात, मला सगळा कोळीवाडा दिसतो." मी म्हटलं, "मग त्या रस्त्याने येत का नाही?"

तुम्ही हात धुवून उठलात. ते बोलणं तिथेच राहिलं. मी उत्तराची वाट बघत होते, अगदी शेवटपर्यंत. मुंबईच्या इस्पितळात तीन दिवस तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही वसंताबद्दल बोललात, जीपच्या कागदांबद्दल बोललात, धक्क्याचे दगड येऊन पडलेत का ते विचारलंत. मला वाटत होतं आता बोलाल. तुम्ही पाणी मागितलंत, मी चमच्याने दिलं, आणि नर्सने मला बाजूला केलं.

रेवसपर्यंत लाँचने आणलं, तिथून ट्रकमध्ये. ट्रक मोठ्या रस्त्यानेच आणावा लागला, माणसं इतकी होती. म्हणजे तीन वर्षांनी तुम्ही कोळीवाड्यावरून घरी आलात. बायका दारात उभ्या होत्या. रडत होत्या की नाही ते मला दिसलं नाही, माझी मान वर होत नव्हती.

तेराव्याला पक्षाचे तालुक्याचे अध्यक्ष आले, सोबत चार-पाच माणसं. बाहेरच्या खोलीत वसंताला मधे बसवलं. पोटनिवडणूक लागेल, सहानुभूती आहे, पोरगा उभा राहिला तर हमखास येईल. पेठेच्या रस्त्याला तुमचं नाव द्यायचं. पैशाचं काय, तर वखार विकायची, गिऱ्हाईक अलिबागचं तयार आहे. वसंता हो हो करत होता. त्याचा चेहरा तुमच्यासारखा झाला होता, वखारीत उभे असायचात तसा. मी आत चहा गाळत होते. वखार माझ्या नावावर आहे हे तेव्हा मला आठवलं. निवडणुकीच्या वेळी सावकारांच्या भीतीने ती तुम्ही माझ्या नावावर केली होतीत, मी वेड्यावाकड्या अक्षरात सही केली होती. कधी वाटतं, आपल्या माघारी ही बाई हे करील म्हणून तर केली नसेल? तसं मानायला आवडेल. पण माझ्याकडे त्याला काही आधार नाही.

मी चहा ठेवला आणि आत गेले नाही. उंबऱ्यावर उभी राहिले. ताप आहे असं सांगायला तुम्ही नव्हतात.

"वखारीचे पैसे कोळीवाड्याचे आहेत," मी म्हटलं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे, वहिनी?"

"यांनी पुरचुंड्या घेतल्या. गाठी मी सोडल्या."

कुणी कप उचलला नाही. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि अजून दोन गावं करायची आहेत म्हणाले. ते गेल्यावर वसंता माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुठे लिहिलंय, आई? एक ओळ तरी आहे का? उद्या चाळीस बायका प्रत्येकी पाचशे सांगतील." मी म्हटलं, सांगू देत. मग तो जे बोलला ते लिहिते. "बाबा एकदा गेले. तू त्यांना दुसऱ्यांदा मारलंस." त्या दिवसापासून तो माझ्या हातचं जेवतो, पण बोलत नाही. रस्त्याच्या नावाचा विषयही कुणी परत काढला नाही. तुमचं नाव पुसलं ते मी. त्याची माफी मात्र मागणार नाही. अक्षराची मागितली तेवढी पुरे.

अलिबागच्या माणसाने वखार घेतली, अडचण ओळखून भाव पाडून. माझ्या हातात पैसे आले तेव्हा मी ती अडतीस फडकी टोपलीत भरली आणि कोळीवाड्यात गेले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. बोंबील वाळत घातलेले, बायका खाली बसून जवळा निवडत होत्या. मी टोपली ठेवली आणि काय बोलायचं ते सगळं विसरले. शेवटी एवढंच म्हटलं, जिचं फडकं तिने घ्या आणि आत किती होते ते सांगा. एक तरुण बाई, सोनी नावाची, मोठ्याने म्हणाली, "वयनी, तुना आवाज हाय व्हय? आमाला वाटला मुकीच हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण रडू फुटलं.

एकेकीने आपलं फडकं उचललं. कुणी साठ म्हणाली, कुणी दीडशे. एकीने नव्वद सांगून जीभ चावली आणि पंच्याऐंशी केले. दोघी वारल्या होत्या, त्यांच्या सुनांना आकडा पाठ होता. तीन दिवस लागले मला. मी विचारायची, त्या सांगायच्या, मी द्यायची. कुणी गाठींचं विचारलं की म्हणायची, शेटांनी सांगितलं म्हणून सोडल्या. सोनीने पैसे घेतले आणि मग हळू आवाजात सांगितलं की तुमच्या नळामुळे तिचा विहिरीचा फेरा वाचला. तेही खरंच, म्हणून तुम्हाला कळवते. पण परत ठेवायला कुणी आणून दिले नाहीत. आणि चूल पेटली असून चहा कुठेच मिळाला नाही.

एक फडकं उरलं. निळ्या चौकड्यांचं, चांगुणाबायचं. ती माझ्याकडे आलीच नाही. तिचा आकडा मला कुणी सांगेना, पण तुम्ही त्या दुपारी बोललेला आकडा होता. त्यातून बाकीच्यांचे वजा केले, वसंताच्या जुन्या पाटीवर, तीनदा. राहिले तीनशे दहा.

पहिल्यांदा गेले तर ती म्हणाली, मना नको. दुसऱ्यांदा गेले तर तिने हातातला कोयता खाली ठेवून सांगितलं, "माजी होडी आन. माजा हऱ्या आन. पैसा ठेव तुज्या तिजोरीत." हऱ्याचं गेल्या वर्षापासून पत्र नाही, हे मला शेजारणीने सांगितलं. गोदीतल्या माणसांनाही तो कुठे गेला ते ठाऊक नाही. मी घरी आले. दोन दिवस पडून होते. वाटलं, नको म्हणाली ना, मग झालं. तुम्ही असतात तर तसंच म्हणाला असतात, आणि मला ते ऐकायलाही बरं वाटलं असतं.

आज सकाळी तिसऱ्यांदा गेले. ती दारात बसून बोंबलांची पोटं फाडत होती. आजूबाजूच्या चार-पाच जणी होत्या. मी तिच्यासमोर खालीच बसले. म्हटलं, "चांगुणाबाय, शेटांनी सांगितलं म्हणून सोडल्या असं मी सगळ्यांना म्हटलं. पण तुझी गाठ बोटांनी सुटेना. ते म्हणाले, राहू दे ती एक. मी राहू दिली नाही. दातांनी सोडली."

हे मी तुम्हालाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. तुम्ही राहू दे म्हणाला होतात. ते मला पहिल्यापासून आठवत होतं आणि वर कुठेही मी ते लिहिलेलं नाही, आत्ता मागे बघितलं. एक पुरचुंडी तुम्ही सोडायला तयार होतात. मला वाटलं, एवढं पाप केलं तर एकीसाठी कशाला अर्धं ठेवायचं, तुमचं काम तरी पुरं होऊ दे. तेवढ्याने तिची होडी गेली.

चांगुणाबायने बराच वेळ काम थांबवलं नाही. दोन-तीन बोंबील झाले. मग तिने हात पाण्यात बुडवले, लुगड्याला पुसले आणि पुढे केले. मी निळं फडकं उलगडून नोटा तिच्या हातावर ठेवल्या. ती मोजायला लागली. एकेक नोट, बोट तोंडाला लावून, सावकाश, सगळ्यांच्या देखत. पूर्ण मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"बराबर हाय," ती म्हणाली.

मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. नोटा तिने चोळीत ठेवल्या, फडकं मासळीच्या पाटीखाली घातलं आणि कोयता उचलला. मी घरी आले, अंघोळ केली आणि हे लिहायला बसले. चार हजार सहाशे वीस रुपये होते. ते आज सगळे फिटले.